चालती गाडी बंद पडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या गाडीवाल्यांकडून फोनवर आणि गॅरेजच्या दारात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची कहाणी सारखीच असते. गाडी बंद पडली, कुणी पंप बदलायला सांगितलं, मग प्लग बदलले, मग कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), आणि एवढा खर्च होऊनही गाडी बंद पडायची थांबली नाही. गाडी कधी, कशी आणि किती वेळ बंद पडते याची नोंद, आणि ती बंद असतानाची पहिली पाच-दहा मिनिटं, यांतून दोष जेवढा सापडतो तेवढा पार्ट बदलून सापडत नाही. खालची सगळी उत्तरं त्याच हिशेबाने लिहिली आहेत.

१. चालती गाडी रस्त्यात बंद पडली तर सगळ्यात आधी काय करायचं?

चावी काढू नका. चावी काढली की स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, आणि गाडी तर अजून वेगात असते. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. दोन्ही हातांनी जोर लावा. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरलेला असतो, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा सोडू-दाबू नका. एकदाच दाबा आणि धरून ठेवा. चारही इंडिकेटर लावा, गाडी न्यूट्रल करा आणि डाव्या कडेला घ्या.

मागे वाहन नसेल आणि गाडीला वेग असेल तर चालतीतच सेल्फ मारून पाहायला हरकत नाही. गिअरवाली असेल तर क्लच दाबून, ऑटोमॅटिक किंवा एएमटी असेल तर न्यूट्रल करून.

गाडी थांबली की माणसं आत बसवून ठेवू नका. समृद्धीवर गाड्या १२० च्या वेगाने येतात. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा आणि त्रिकोण बराच मागे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, कुठेही असाल तर ११२. बोनेट नंतर उघडा.

२. सिग्नलला थांबलो की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की चालू होतं. हा बिघाड आहे का?

नाही. तुमच्या गाडीत ऑटो स्टार्ट-स्टॉपची सोय आहे. डॅशबोर्डजवळ गोल बाण आणि मध्ये ‘ए’ असलेलं बटण असेल, ते दाबून ती बंद ठेवता येते. ती बंद ठेवूनही इंजिन थांबत असेल, तर प्रश्न ८ वाचा.

३. मिस्त्रीला नुसतं ‘गाडी बंद पडायली’ एवढंच सांगतो. अजून काय सांगायला पाहिजे?

हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पेट्रोल इंजिनाला चालायला इंधन, हवा आणि वेळेवर स्पार्क लागतो. डिझेलला योग्य दाबाने इंधन आणि हवा. यातलं काय तुटलं, ते गाडी कशी बंद पडते यावरून बऱ्यापैकी कळतं.

बटण दाबून दिवा घालवावा तसं इंजिन एका क्षणात थांबलं, आधी गचका नाही, काही नाही, तर संशय विजेकडे: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा), इग्निशन स्विच, मेन रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा डबा), एखादी सैल वायर. आधी पिकअप गेला, गाडी गचके मारत दम टाकत गेली आणि मग थांबली, तर संशय इंधनाकडे: पंप, फिल्टर, पाणी, टाकीतला कचरा. वेगात छान चालते पण वेग कमी केला की बंद, तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि हवेची गळती. आणि इंजिनासोबत डॅशबोर्ड, टेप, दिवे सगळंच गेलं, तर बॅटरीचे टर्मिनल (प्रश्न १३).

बंद पडली त्या क्षणाचा मीटरचा काटाही सांगा. समजा गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे, तुम्ही क्लच दाबलेला नाही आणि इंजिन मेलं. गाडी अजून पळतेय म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतायत. अशा वेळी आरपीएमचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा धाडकन शून्यावर पडला, तर इंजिन फिरत असूनही कॉम्प्युटरला ते फिरताना दिसत नाहीये. म्हणजे क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. काटा गाडीच्या वेगासोबत हळूहळू खाली आला, तर सेन्सर बहुधा बरा आहे, इंधनाकडे बघा. ही एक नोंद कितीतरी पार्टचे पैसे वाचवते.

याशिवाय लिहून ठेवा: टाकीत इंधन किती होतं, इंजिन किती तापलं होतं, एसी चालू होता का, चढ होता का, खड्ड्यात आदळली होती का, आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाली.

४. बंद पडलेल्या जागी, अवजारं नसताना, मी स्वतः काय तपासू शकतो?

आधी नाक आणि कान. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर सेल्फ मारू नका, बिडी-सिगारेटवाल्यांना लांब करा आणि गाडी टोचन करा.

वास नसेल तर खिडक्या बंद करा, एसीचा पंखा बंद करा आणि चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद ‘घूंऽऽ’ असा आवाज यायला हवा. तो टाकीतला पंप. ऐकू येत नसेल तर सोबतच्याला टाकीचं झाकण काढून तिथे कान लावायला सांगा. आवाज नाही म्हणजे पंपाला करंट नाही किंवा पंप गेला. फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले आणि पंपाचा रिले सारख्याच नंबरचे असतात. अदलाबदल करून पाहा. पंप सुरू झाला आणि हॉर्न गेला, तर दोष रिलेचा.

आवाज येतोय तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. तो थोडा हलायला हवा. सेल्फ जोरात फिरतोय आणि काटा ढिम्म, तर पुन्हा क्रँक सेन्सरकडे बोट जातं. काही मॉडेलमध्ये काटा सेल्फच्या वेळी हलतच नाही, म्हणून गाडी धडधाकट असताना एकदा बघून ठेवा.

शेवटी बोनेट उघडून बॅटरीची दोन्ही टर्मिनलं हाताने पिळून पाहा. हाताने फिरत असतील तर सैल आहेत.

५. उन्हाळ्यात दुपारी गाडी बंद पडते. अर्धा तास सावलीत ठेवली की जणू काही झालंच नाही. पंप बदलला, तरी तेच. का?

एप्रिल-मे लागला की सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो. परभणी-नांदेडकडे पारा ४२-४४ वर गेला की बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त ताप असतो. तापल्यावर मरणारे आणि थंड झाल्यावर उठणारे पार्ट मुख्यतः तीन: क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल आणि इंधनाचा पंप.

क्रँक सेन्सर इंजिनाच्या अंगाला चिकटून, गिअरबॉक्सजवळ किंवा पुढच्या पुलीजवळ बसतो. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत बारीक तारेचं गुंडाळं असतं. वर्षानुवर्षांच्या तापाने त्यात केसाएवढी भेग पडते. थंड असताना तारेची टोकं टेकलेली राहतात, तापल्यावर दुरावतात, सिग्नल तुटतो, आणि कॉम्प्युटर स्पार्क व इंजेक्टर दोन्ही थांबवतो. गाडी गॅरेजपर्यंत जाईतो टोकं पुन्हा टेकलेली असतात, म्हणून थंड सेन्सर मीटरवर मोजला तर ‘ओके’ दिसतो.

खरी तपासणी गाडी बंद असतानाच होते. सेन्सर हाताला येण्यासारखा असेल, पंखा थांबलेला असेल आणि चावी बंद असेल, तर पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं सेन्सरवर पाच मिनिटं धरा. फक्त सेन्सरवर, तापलेल्या सायलेन्सरवर नको. लगेच सेल्फ मारा. नेहमी अर्धा तास घेणारी गाडी पाच मिनिटांत सुरू झाली, तर दोष जवळजवळ पकडलाच. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) क्रँक सेन्सरचा ‘पी ०३३५’ कोड आला तर आणखी पुष्टी, पण कोड नाही आला म्हणून सेन्सरला सोडून देऊ नका.

कॉइल तापून जात असेल तर बंद पडण्याआधी इंजिन मिस मारतं, थरथरतं. स्वतंत्र कॉइलवाल्या गाडीत एक कॉइल गेल्याने इंजिन सहसा पूर्ण थांबत नाही, तीन सिलिंडरवर रडत चालतं. पंपाचं वेगळं आहे, ते प्रश्न ७ मध्ये.

६. आमच्याकडे सगळे म्हणतात ‘पेट्रोलची वाफ झाली’. ते खरं आहे का?

कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीसाठी खरं आहे. त्यांचा पंप इंजिनावर असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढीमुळे दाब कमी होतो, तापलेल्या पाइपात पेट्रोल उकळतं आणि पंप नुसती वाफ ओढत राहतो. पाइपावर ओलं फडकं गुंडाळलं की गाडी चालू होते, हे जुने ड्रायव्हर बरोबरच सांगतात.

इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल साधारण ३ ते ४ बार दाबाने पुढे ढकलतो. दाबाखाली पेट्रोल सहज उकळत नाही. त्यामुळे आजच्या गाडीत ‘वाफ झाली’ हे कारण क्वचितच खरं निघतं. तसं कुणी म्हटलं तर इंधनाचा दाब मोजायला सांगा.

७. टाकी पाव भागाच्या खाली गेली की घाटात बंद पडते. टाकी भरली की महिनाभर त्रास नाही. हे कसं?

टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. इंधन कमी म्हणजे पंप उघडा, तापलेलं तेच पेट्रोल पुन्हा पुन्हा फिरणार, आणि ब्रश घासलेला पंप अशा वेळी दम सोडतो. कन्नडच्या घाटात किंवा मांजरसुंब्याच्या चढावर टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं, पंपाचं तोंड क्षणभर कोरडं पडतं आणि हवा ओढली जाते. धारूरच्या अरुंद घाटात हे झालं तर बाजूला घ्यायलाही जागा नसते.

पंप संपत आलाय का हे पाहायचं तर गाडी बंद पडलेली असताना, चावी ऑन ठेवून, सोबतच्याला टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने किंवा चपलेने दोन-चार हलके ठोके द्यायला सांगा. ठोक्याने पंप घूं करून सुरू झाला, तर पंपाचे दिवस भरलेत. पंपासोबत त्याची जाळी आणि टाकीचं बूड साफ केल्याशिवाय गाडी घेऊ नका. जुन्या टाकीतला गाळ नवीन पंपाची जाळी लवकरच बुजवतो.

पंपाला पोचणारा करंटही मोजून घ्या. वाटेतला कनेक्टर जळका असेल तर नव्या पंपालाही पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत, आणि मग मालक म्हणतो ‘पंप बदलला तरी तेच’.

८. वेगात झकास चालते, पण गतिरोधकाजवळ किंवा सिग्नलला क्लच दाबला की बंद. एसी चालू असला तर हमखास.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाला लागणारी थोडीशी हवा थ्रॉटल बॉडीच्या झडपेच्या फटीतून येते. तिथे कार्बन धरला की ती फट बुजते. एसीचा भार आला की इंजिन तेवढ्या हवेवर तग धरत नाही. उपाय स्वस्त आहे: झडप काढून थ्रॉटल क्लीनरने पुसायची. इलेक्ट्रॉनिक झडप चावी ऑन असताना बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटतात. साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने आयडल (ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) पुन्हा शिकवावं लागतं. ते न केल्याने ‘साफ केल्यावर जास्तच बिघडली’ अशी तक्रार येते.

साफ करूनही तेच असेल तर हवेची गळती शोधा. रबरी नळ्या आपल्या उन्हात चिरतात. फक्त ब्रेक दाबल्यावरच इंजिन गचकत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो, आणि तिथे प्रश्न ब्रेकचाही आहे. ते काम पुढे ढकलू नका. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक गाडी थांबताना धक्का देऊन बंद पडत असेल आणि न्यूट्रल केल्यावर छान चालत असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या लॉक-अप क्लचमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचमध्ये) आहे.

९. पंपावरून तेल भरून निघालो आणि दोन-चार किलोमीटरवर बंद. पेट्रोलमध्ये पाणी होतं का?

शक्य आहे, विशेषतः पावसाळ्यात. आजचं पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं. त्याहून जास्त पाणी आलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, आणि टाकीतल्या पंपाचं तोंड नेमकं तळाशीच असतं. फिल्टरच्या आधीच्या पाइपातून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवायला सांगा. दोन थर दिसले तर संपूर्ण टाकी उपसावी लागेल. बिल जपून ठेवा. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनता मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिथे संकोच करू नका.

डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं असेल तर सुरूच करू नका, चावी ऑनही करू नका. डिझेलचा हाय-प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो.

दर वेळी टाकी फुल केल्यावरच, आणि कुठल्याही पंपावर, लगेच सुरू व्हायला कुरकुरते किंवा बंद पडते, तर तेलाला दोष देऊ नका. टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो. नोझल ‘टक’ झाल्यावरही टाकी काठोकाठ भरून घ्यायची सवय त्याला मारते.

१०. माझी गाडी जुनी आहे. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे बंद पडत असेल का?

थेट बंद पडण्याचं कारण म्हणून मी ते पहिल्या ओळीत धरत नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी पार्ट ई-२० साठीचे आहेत; त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांचे नाहीत. जुन्या गाडीत इथेनॉल टाकीतला जुना गाळ आणि गंज सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जातो, जुने रबरी पाइप मऊ पडतात किंवा चिरतात. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ओल धरते. म्हणून जुनी गाडी असेल तर फिल्टर वेळेआधी बदला आणि इंधनाचे पाइप दरवर्षी हाताने दाबून तपासा.

११. डिझेल गाडी आहे. चढावर दम टाकते, मग बंद. थोड्या वेळाने सुरू होते, पुन्हा तेच.

आधी डिझेल फिल्टर. आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी शेतात ड्रममध्ये डिझेल ठेवतात आणि अडीनडीला तेच गाडीत ओततात. ड्रममध्ये धूळ असते, आणि रात्रीच्या गारव्यात आतून पाणी धरतं. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून भांड्यात थोडं डिझेल काढा. तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर शुद्ध डिझेल येईपर्यंत सोडा. डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा पिवळा दिवा असतो. तो लागला की पुढच्या गावापर्यंत जाऊ असं म्हणू नका.

दुसरं म्हणजे लाइनीत हवा शिरणं. ओढणाऱ्या पाइपाला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत जाते. खाली ओल दिसत नाही म्हणून लोक चकतात. फिल्टरजवळ पारदर्शक पाइपाचा तुकडा तात्पुरता जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. एअर काढायची तर फिल्टरवरच्या हातपंपाने.

कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या) इंजिनात चालू गाडीवर नोझलचे पाइप सैल करून एअर काढायची जुनी पद्धत वापरू नका, कुणाला वापरूही देऊ नका. तिथे हजार बारच्या वर दाब असतो. तेवढ्या जोराचं डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि मग हात वाचवायला शस्त्रक्रिया करावी लागते.

ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) कार्बनने उघडा अडकला तर आयडलला थरथरून बंद पडते, काळा धूर टाकते. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरला तर आधी दिवा आणि ताकद कमी होणं ही पायरी येते. सरळ बंद पडणं ही पहिली पायरी नसते.

१२. सीएनजी लावली आहे. सीएनजीवर चांगली चालते, पेट्रोलवर टाकली की बंद. काहींचं उलट आहे.

पेट्रोलवर बंद: वर्षभर पेट्रोल वापरलंच नाही, इंजेक्टर चिकट झाले, टाकीत जेमतेम तळाला पेट्रोल, त्यावर पंप कोरडा फिरून जळला. दर आठवड्याला थोडं अंतर पेट्रोलवर चालवा आणि टाकीत पाव भाग तरी ठेवा. तपासणी प्रश्न ४ आणि ७ प्रमाणे.

सीएनजीवर बंद: गॅसचा फिल्टर किंवा रेग्युलेटर. गॅस २०० बारवरून खाली उतरताना प्रचंड थंड होतो, म्हणून रेग्युलेटर इंजिनाच्या कुलंटने गरम ठेवतात. लांब पल्ल्यावर बंद पडली आणि भर उन्हात रेग्युलेटरवर पांढरं दव गोठलेलं दिसलं, तर बहुधा कुलंट कमी आहे. दोन्ही इंधनांवर बंद पडत असेल तर किटचा दोष नाही. स्पार्क, सेन्सर आणि वायरिंगकडे चला. सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी राहिली असेल तर याच फेरीत उरका.

१३. इंजिनासोबत डॅशबोर्ड, दिवे सगळंच जातं. कधी कधी खड्ड्यात आदळली की परत येतं.

बॅटरीचं टर्मिनल, इंजिनाची अर्थिंगची पट्टी, मेन फ्यूज, इग्निशन स्विच, या क्रमाने. चावीला घराच्या, गोदामाच्या, मोटरपंपाच्या चाव्यांचा जुडगा लटकवला असेल तर तो काढून फक्त एक चावी ठेवून आठवडाभर चालवा. स्विचचे संपर्क त्या ओझ्याने झिजतात.

आधी बॅटरीचा लाल दिवा, मग मंद होत जाणारे हेडलाइट, मग बंद, असा क्रम असेल तर अल्टरनेटर. मल्टिमीटर लावा: बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, चालू गाडीत बहुतेकदा १३.८ ते १४.५. नव्या काही गाड्या गरजेनुसार चार्जिंग कमी-जास्त करतात, म्हणून तिथे एकाच आकड्यावर निकाल देऊ नका. अल्टरनेटर गेलेली गाडी धक्का देऊन सुरू होईल आणि थोड्या वेळाने पुन्हा थांबेल.

१४. पुलावरच्या पाण्यातून गाडी घातली आणि मध्येच बंद पडली. आता?

सेल्फ अजिबात मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टरचं झाकण काढा. कागद ओला असेल तर टोचन करून न्या, प्लग काढून (डिझेलला नोझल किंवा ग्लो प्लग काढून) पाणी बाहेर फेकल्यावरच सुरू करा. एअर फिल्टर कोरडा असेल तर बहुधा कॉइल किंवा कनेक्टर भिजले आहेत; वाळवून पाहा. वाहतं पाणी असेल तर गाडी सोडून माणसं आधी बाहेर काढा.

१५. चेक इंजिनचा दिवा लागतच नाही, स्कॅनरवर काही येत नाही. मग दोष नाही का?

असतो. स्कॅनर जे मोजलं जातं तेवढंच सांगतो. जुन्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो, मग पंप मेल्याचा कोड येणार कुठून? उलट कोड आला तरी तो पार्टचं नाव नसतो. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त; कारण फाटकी नळी असेल, मळलेला हवेचा सेन्सर असेल किंवा दमलेला पंप. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो आणि ‘फ्रीझ फ्रेम’ लिहून घ्या: दोष आला तेव्हाचा वेग, तापमान, आरपीएम त्यात असतं. अनेक ठिकाणी आधी कोड पुसतात आणि मग शोधायला बसतात; तसं होऊ देऊ नका.

१६. गॅरेजमध्ये नेली की बंद पडतच नाही. मिस्त्री म्हणतो, ‘गाडी तर ओके आहे.’

मिस्त्री खोटं बोलत नाहीये, त्याला दिसत नाहीये. प्रश्न ३ ची नोंद द्या आणि बंद पडतानाचा डॅशबोर्डचा व्हिडिओ सोबतच्या माणसाकडून काढून घ्या. ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचा) मोबाइलला जोडून आरपीएम, बॅटरीचे व्होल्ट आणि इंजिनाचं तापमान नोंदवत चालवा. बंद पडली त्या सेकंदाला आधी काय कोसळलं ते नोंदीत दिसतं. मिस्त्रीला सकाळच्या गारव्यात गाडी देऊ नका. दुपारी, ज्या रस्त्यावर बंद पडते त्याच रस्त्यावर, त्याला बाजूला बसवून फिरवा. गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून वायरिंगचे गठ्ठे आणि कनेक्टर एकेक करून हलवायला सांगा. ज्याला हात लावल्यावर इंजिन अडखळलं, तिथे दोष.

१७. सगळे पार्ट बदलून झाले, तरी बंद पडतेच. आता काय उरलं?

बाहेरून बसवलेल्या वस्तू. सेंट्रल लॉकचा अलार्म, जीपीएस ट्रॅकर, चोरीविरोधी कट-ऑफ: यांतले कित्येक पंपाची किंवा इग्निशनची वायर कापून मध्ये रिले घालून बसवलेले असतात. तो जोड टेपने गुंडाळलेला, स्टिअरिंगखाली लपलेला. उन्हात टेप सुटतो, जोड सैल होतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलं होतं ते विचारा आणि ते काढून मूळ वायर सांधून चालवून पाहा.

उंदीर. शेतात, गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या गोदामाजवळ उभी राहणारी गाडी असेल तर वायरिंगचं वरचं आवरण सोलून पाहा. अर्धवट कुरतडलेली तार चालत राहते आणि आदळली की तुटते.

गाडी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत मरत असेल आणि चावीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर इंजिन चालू न देणारी यंत्रणा). दुसरी चावी वापरून पाहा. काही गाड्यांत धडकेनंतर इंधन तोडणारा स्विच असतो, तो मोठ्या खड्ड्यानेही उडू शकतो. दाबला की परत बसतो. वेग धरवत नाही, सायलेन्सरमधून हवा कमी येते, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा) बुजलेला.

आणि बदललेल्या पार्टकडेही संशयाने बघा. नकली क्रँक सेन्सर थंडीत चालतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात मरतो. जुना पार्ट आणि नव्याचं खोकं दोन्ही मागून घ्या.

१८. मळणीच्या हंगामात धुळीने एअर फिल्टर भरतो. त्याने बंद पडेल का?

ताकद कमी होईल. पण फक्त त्यामुळे आजची गाडी चालताना बंद पडणं दुर्मिळ आहे. फिल्टर बदला, मात्र दोषाचा शोध थांबवू नका.

१९. दोष सापडलेला नाही, पण परवा कुटुंबाला घेऊन तुळजापूरला जायचंय. गाडी नेऊ का?

नेऊ नका. ‘दोन दिवस झाले, बंद पडली नाही’ म्हणजे दुरुस्त झाली असं होत नाही. तापल्यावरचा दोष ढगाळ दिवशी झोपलेला असतो. ज्या परिस्थितीत बंद पडत होती तीच परिस्थिती मुद्दाम आणून, तेवढाच वेळ, रिकाम्या गाडीने आणि ओळखीच्या रस्त्यावर दिवसाउजेडी चालवून पाहा. त्यात न थांबता चालली तर लांबच्या वाटेला काढा. तोवर एसटी किंवा भाड्याची गाडी बघा. अगदीच नाइलाज असेल तर रात्रीचा प्रवास, घाट आणि समृद्धी टाळा, टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, आणि त्रिकोण, टॉर्च, दोरखंड, पाण्याचा कॅन डिक्कीत तळाशी न ठेवता हाताशी ठेवा.